बंदरातले चौदा महिने

तुकाराम मयेकरांची शवपेटी शुक्रवारच्या विमानाने जाणार हे बुधवारी दुपारी पक्कं झालं, आणि गंगूबाईने दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. तिला नवऱ्याची नळी हवी होती.

"ती तेंच्यावांगडा जांव दे," ती लेकीला म्हणाली. "पेटयेत घाल."

समिधाने मान हलवली. पेटीत काय ठेवता येतं आणि काय नाही याची यादी तिच्या फोनमध्ये होती. पुस्तकाबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

नळी म्हणजे खलाशाच्या नोकरीचं पुस्तक. कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, कप्तानाने काय शेरा दिला, सगळं त्यात शिक्क्यानिशी असतं. फार पूर्वी हे कागद गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत. पत्रा गेला, कागदांचं पुस्तक झालं, पण मालवणकडचे खलाशी अजून त्याला नळीच म्हणतात. बाबांनी शेवटचं जहाज सोडून तेरा वर्षं झाली होती, तरी ते पुस्तक पासपोर्टाच्याच पाकिटात असे. इमिग्रेशनच्या खिडकीपुढे उभे राहिले की पासपोर्टाबरोबर तेही पुढे करायची त्यांना सवय होती. खिडकीतला माणूस पासपोर्ट घेई आणि पुस्तक न उघडताच परत सरकवी. बाबा ते पुसल्यासारखं करून खिशात ठेवत.

समिधा त्यांची एकुलती एक मुलगी, वय बेचाळीस. कुवेतमध्ये, मीना अल-अहमदीला, एका कंत्राटदार कंपनीत ती कागदपत्रं सांभाळायची. कुठल्या नकाशाची कितवी आवृत्ती कोणाच्या सहीने पुढे गेली आणि कोणाच्या टेबलावर अडली, हे तिला विचारत. हरीश, तिचा नवरा, बँकेत होता. खैतानमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आले होते. एकेचाळिसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाबा गेले.

गेले ते असे. परतीच्या विमानात व्हीलचेअर हवी म्हणून ट्रॅव्हल एजंटाने एक छापील फॉर्म दिला होता. बाबा चष्मा लावून तो जेवणाच्या टेबलावर भरत बसले होते. आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "समिधाकडे द्या तो. तुमका कधी फॉर्म भरूक जमलो?"

बाबा हसले. पेनाला टोपण लावलं, फॉर्म समिधाकडे सरकवला आणि जरा पडतो म्हणून आत गेले. अर्ध्या तासाने हरीश चहा घेऊन गेला तेव्हा ते उठले नाहीत.

तेव्हापासून आई त्या टेबलाकडे फिरकली नव्हती. कोणी भेटायला आलं तर ती सोफ्याच्या टोकाला बसे, हात मांडीत. रडत नव्हती. समिधालाही रडायला सवड नव्हती. पण कागद भरताना, फोनवर बोलताना तिला ते वाक्य सारखं ऐकू येत होतं. बाबांच्या वाट्याला आलेलं आईचं शेवटचं वाक्य ते होतं आणि ते नवीन नव्हतं. पस्तीस वर्षं त्या घरातलं प्रत्येक भांडण त्याच वाक्याशी येऊन संपायचं.

भांडण हाँगकाँगचं होतं. समिधा वर्षाची असताना बाबांनी दोघींना तिकडे नेलं. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. बाबा तिथल्या एका कंपनीच्या मालवाहू जहाजावर होते. कौलूनमध्ये एक खोली होती, खाली सुक्या माशांचं दुकान. आई शेजारच्या चिनी बाईकडून शिवणकाम आणायची, दोघी एकमेकींची भाषा न येता तासन्‌तास बोलायच्या. आईच्या तोंडून त्या खोलीचं वर्णन समिधाने इतकं ऐकलं होतं की आपल्याला खरंच आठवतं की ऐकून आठवतं, हे तिला सांगता आलं नसतं. आई तिथे सुखात होती, हे मात्र तिला नक्की माहीत होतं. नंतर ती कुठेच तशी रमली नाही.

पाच वर्षं वसाहतीत वस्ती झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येई. बाबांनी एकोणनव्वद साली केला. त्यांच्याबरोबर त्यांच्या जहाजाचे कप्तान सुदेश कोचरेकर यांनीही केला. वेंगुर्ल्याचे, बाबांहून दोन वर्षांनी मोठे, सुट्टीच्या दिवशी कौलूनच्या खोलीत येऊन आईच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खाणारे. सुदेशकाकांचं काम झालं. बाबांचं झालं नाही. तुम्ही या पाच वर्षांत वसाहतीबाहेर फार दिवस होता, असं उत्तर आलं. पुढे हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाताना, ज्यांच्याजवळ तिथलं नागरिकत्व होतं आणि दुसरा कुठलाच देश नव्हता, अशा लोकांना पूर्ण ब्रिटिश पासपोर्ट मिळाले. सुदेशकाका बायकामुलांसह इंग्लंडला गेले. मयेकर कुटुंब त्याच्या आधीच मालवणला परतलं होतं. बाबांनी कुवेतला टगबोटीवर नोकरी धरली, मग आई आणि बारा वर्षांची समिधा फरवानियाला आल्या, आणि दर वर्षी इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवा करून घेण्यात वीस वर्षं गेली. वय झालं तेव्हा कंपनीने कागद पुढे नेले नाहीत. बाबा मालवणला गेले.

आईला एक गोष्ट कधीच उमगली नाही. त्या पाच वर्षांतले चौदा महिने हा माणूस घरीच होता. जहाजांना माल नव्हता, बाबांचं जहाज बंदरात नांगर टाकून पडलं होतं. बाबा सकाळी होडीतून जहाजावर जात, गंज खरवडून रंग लावत, रात्रीच्या जेवणाला घरी असत. मग दिवस कमी पडले कसे? तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, माझी मोजणी चुकली, फॉर्म चुकला. एवढंच. आईने ते धरून ठेवलं.

मंगळवारी समिधा कंपनीच्या मंदूबबरोबर फिरली. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा माणूस. हा फैसल, तिशीचा, शांत. मृत्यूचा दाखला, पोलिसांचं पत्र, वकिलातीचा शिक्का, सगळं त्याने दीड दिवसात उरकलं. तिला देशाबाहेर जायची कंपनीची परवानगीही त्यानेच फोनवर मिळवून दिली. गाडीत ती त्याला म्हणाली की तिच्या वडिलांनी या देशात वीस वर्षं काढली. फैसलने सिग्नलला थांबून फोनवर काहीतरी पाहिलं आणि दुकानात शिकलेल्या हिंदीत म्हणाला, इथे एकेचाळीस दिवस दिसतात, सिस्टर. जुनी फाइल बंद. त्याने ते हळू आवाजात सांगितलं, जणू चूक त्याची होती.

बुधवारी संध्याकाळी तिने नळी काढली. पेटीत घालायच्या आधी तिला ती एकदा वाचायची होती. ती सगळंच वाचत असे, औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा.

पानावर पान, जहाजांची नावं. ईस्टर्न हेरॉन या नावापाशी ती थांबली. चढले सहा जानेवारी एकोणीसशे शहाऐंशी. उतरले सात मार्च सत्त्याऐंशी. प्रवासाचा प्रकार, परदेशी फेऱ्या. वर्तणूक, उत्तम. खाली ऐटबाज सही, कप्तान एस. कोचरेकर.

शहाऐंशी आणि सत्त्याऐंशीची सुरुवात. बंदरात पडलेल्या जहाजाचे चौदा महिने.

पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर प्लास्टिकचं आवरण होतं. त्याच्या आत बोट घातल्यावर दोन कागद निघाले. एक तिचंच कार्ड होतं, कौलूनच्या दवाखान्याचं, लसी आणि खोकल्याच्या औषधांचं. शहाऐंशी सालात चार तारखा, प्रत्येकीसमोर पालकाची सही. चारही वेळा टी. मयेकर. दुसरं इमिग्रेशन कचेरीचं पत्र होतं, फेब्रुवारी एकोणनव्वदचं, दोनच परिच्छेदांचं. आपण म्हणता की ईस्टर्न हेरॉन हे जहाज सदर काळात वसाहतीच्या पाण्यात उभं होतं. आपल्या नोकरीच्या पुस्तकात मात्र परदेशी फेऱ्यांची नोंद आहे. जहाज बंदरातच होतं असं कप्तानाचं लेखी निवेदन अठ्ठावीस दिवसांत सादर केल्यास या दिवसांचा वस्तीत विचार करता येईल.

समिधाने त्या वेळचा नियम शोधून काढला. पाच वर्षांत साडेचारशे दिवस बाहेर गेलेले चालत. मग तिने वहीच्या पानावर नळीतल्या तारखा मांडल्या. ईस्टर्न हेरॉनचे ते दिवस धरले तर बाबा सातशे पस्तीस दिवस बाहेर होते. सोडले तर तीनशे दहा.

ती खलाशाची मुलगी होती. पुढचं तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अठ्ठ्याऐंशीत बाबांनी मेटची परीक्षा दिली. ते तिकीट, म्हणजे अधिकाऱ्याचा परवाना, मिळायला समुद्रावरचा ठराविक काळ भरावा लागतो. जहाज पडून असलं की काळ भरत नाही, वय मात्र वाढतं. अशा वेळी ओळखीचा कप्तान आपल्या माणसाचा काळ चढवून देई. त्यांच्यात कोणी याला खोटेपणा म्हणत नसे. लग्नात एकमेकांकडे राबावं तसं ते होतं. सुदेशकाकांनी उभ्या जहाजाला चौदा महिने कागदावर फिरवलं आणि बाबांना मेट केलं. त्याच तिकिटावर बाबांनी पुढे कुवेतमध्ये वीस वर्षं काढली. जहाज त्याच वसाहतीत नोंदलेलं, झेंडा तिचाच, पण त्या जहाजावर समुद्रात घालवलेला दिवस वसाहतीबाहेरचा दिवस. हे दोघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नसावं. तिकिटाच्या कचेरीत जो दिवस लागतो तोच दुसऱ्या कचेरीत नडतो, हे दुसऱ्या कचेरीने पत्र पाठवल्यावरच कळलं.

पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने बाबांचं अक्षर होतं. जहाजाच्या रोजनिशीसारखं, तारीख आणि एक ओळ.

एक मार्च. सुदेशला दाखवले. थांब म्हणाला.

नऊ मार्च. पुन्हा गेलो. त्याचे कागद त्याच कचेरीत आहेत. ते हातात येईपर्यंत थांब म्हणाला.

वीस मार्च. नाही म्हणाला. सही खोटी ठरेल, त्याचे तिकीट जाईल, माझेही. बरोबर आहे.

त्याखाली काही नव्हतं.

समिधाने दोन्ही कागद घडी घालून जिथल्या तिथे ठेवले. तिला प्रथम जे वाटलं ते सुटकेसारखं काहीतरी होतं, आणि त्याची तिला लाज वाटली. बाबा ढिले नव्हते. त्यांनी फॉर्म बरोबर भरला होता. कार्ड जपलं होतं, त्यावरच्या आपल्या सह्या पुराव्याला ठेवल्या होत्या, तीन वेळा दार ठोठावलं होतं. आईला हे कळायला हवं होतं, पेटी बंद व्हायच्या आत. आणि ते समिधाने सांगून भागणार नव्हतं. लेक बापाची बाजू घेते, असंच आई म्हणाली असती.

ज्याने सांगायला हवं तो माणूस कुवेतमध्येच होता. सुदेशकाकांचा मुलगा प्रज्वल मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर होता, आणि काका त्याच्याकडे महिनाभरासाठी आले होते. ब्रिटिश पासपोर्टावर त्यांना व्हिसा बसल्या जागी मिळाला होता. आई-बाबांच्या व्हिसासाठी समिधाने चार महिने खेटे घातले होते.

गुरुवारी दुपारी बाप-लेक भेटायला आले. सुदेशकाका सत्त्याहत्तर वर्षांचे, ताठ, पांढरा शर्ट, बूट दारात काढताना भिंतीचा आधारही न घेणारे. त्यांनी आईसमोर हात जोडले, मग तिचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ बोलले. कौलूनची खोली, बांगड्याचं तिखलं, वादळात नांगर तुटला तेव्हा तुकाराम कसा दोर धरून उभा राहिला. बोलणं चांगलं होतं. आईच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. हरीशने चहा आणला.

"असा खलाशी मी पाहिला नाही, वहिनी," काका म्हणाले. "दर्यावर वाघ. फक्त कागदाच्या बाबतीत तेवढा ढिला. नाहीतर आज तुम्ही आमच्या शेजारी असता."

आईने मान डोलावली. "तां खरां," ती म्हणाली.

ती मान डोलली नसती तर समिधाने कदाचित वाट पाहिली असती. काकांना दारापर्यंत सोडायला जाऊन एकट्याला विचारलं असतं. तिने तसंच ठरवलं होतं. पण ती उठली, आतून नळी घेऊन आली, आणि ईस्टर्न हेरॉनचं पान उघडून चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"काका, ही सही तुमची ना?"

काकांनी खिसे चाचपले. चष्मा गाडीत राहिला म्हणाले. समिधाने हरीशचा चष्मा पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"तेव्हा हे जहाज कुठे होतं?"

"चाळीस वर्षं झाली, बाळ."

"आईला आठवतंय. तिला विचारू?"

प्रज्वलने इंग्रजीत विचारलं, डॅड, हे काय आहे? समिधाने पत्र काढलं आणि मराठीतून, जसं होतं तसं, वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही. कार्यालयात एखाद्या चुकलेल्या आवृत्तीबद्दल सांगावं तसं सांगितलं. पाठीवरच्या ओळी तिने वाचल्या नाहीत. पत्र काकांच्या पुढ्यात पालथं ठेवलं, पेन्सिलीची बाजू वर. चष्म्याशिवाय त्यांना ते वाचता येत होतं, हे सगळ्यांना दिसलं.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "आईला सांगा. फॉर्म चुकला होता का, एवढंच सांगा."

काका आईकडे न बघता, टीपॉयकडे बघत बोलू लागले. त्यांनी लपवाछपवी केली नाही, हे समिधाला मान्य करावं लागलं. जहाज उभंच होतं. काळ त्यांनी चढवून दिला, तुकारामच्या भल्यासाठी, सगळेच देत. मग ते पत्र आलं. त्यांचं स्वतःचं प्रकरण त्याच मजल्यावर, त्याच माणसाच्या हाताखाली होतं. एक ओळ लिहिली असती तर सगळंच उघडं पडलं असतं.

"माझे कागद आले की बघू म्हटलं होतं मी त्याला."

"आले तेव्हा?"

"तेव्हा मुदत होऊन गेली होती." त्यांनी कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. "आणि नंतर काय लिहिणार? नागरिक होऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि लिहून देऊ की मी खोटं लिहिलं? तुकारामला पटलं होतं, वहिनी. त्याला सगळं माहीत होतं. त्याने एका शब्दाने मला बोल लावला नाही. असा दोस्त मिळत नाही."

आई इतका वेळ हलली नव्हती. आता तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तेंका ठावक होतां?"

"सगळं. त्यानेच ठरवलं, कोणाला सांगायचं नाही म्हणून." काकांच्या आवाजात आता थोडं हायसं वाटल्यासारखं होतं. "वहिनींना पण नाही म्हणाला. बायकांच्या पोटात राहत नाही म्हणाला." ते किंचित हसले. कोणी हसलं नाही, तेव्हा ते उठले.

प्रज्वलने दारात समिधाला सॉरी म्हटलं. कशाबद्दल, हे त्यालाही नीट ठाऊक नसावं. तो इंग्लंडमध्ये वाढलेला.

दार लागलं. हरीश कप उचलून आत गेला. समिधा आईशेजारी बसली आणि वाट पाहू लागली. काय होईल याची तिने कल्पना केली होती. आई रडेल. आई म्हणेल, मी उगाच बोलले त्यांना. मग ते सोमवारचं वाक्य हळूहळू बोथट होईल.

"मागे काय लिवलां हा?" आईने विचारलं. "शेवटाक."

"बरोबर आहे, असं."

"कोणाचां बरोबर?"

समिधाने पत्र उचलून ती ओळ पुन्हा पाहिली.

आईने पदर खांद्यावर ओढून घेतला. "मानूस घरात, माझ्या हातचां जेवता, आणि कागदार दर्यात. पस्तीस वर्सां मी विचारी होतंय. तेंका ठावक होतां आणि माका सांगूक नाय." तिचा आवाज सपाट होता. "मी काय काय बोललंय तेंका. सगळ्यांसमोर बोललंय. तुझ्या लग्नात बोललंय. ते हसत होते."

"त्यांनी काकांना सांभाळून घेतलं, आई."

"माका कोणी सांभाळल्यान?" आई म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, खिडकीकडे बघत, "मोजूक विसारले असते तर बरां होतां."

समिधा तिथून उठली नाही, पण तिला वाटलं आपण फार लांबून आईकडे बघत आहोत. तिने बाबांना ढिलेपणाच्या आरोपातून सोडवलं होतं. त्याच्या जागी जे उभं राहिलं होतं त्याचा तिने विचारच केला नव्हता. ढिला नवरा माफ करता येतो. आईने तो रोज टोचून टोचून, आपल्या पद्धतीने, माफ केलेला होता. पण आज त्या कागदांतून जो नवरा समोर आला होता, ज्याने एका बाजूला मित्राचं तिकीट ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला बायकोची कौलूनची खोली, आणि शांतपणे बरोबर आहे असं लिहिलं, त्याच्याशी भांडायलाही आता उशीर झाला होता. सोमवारी आईच्या माथ्यावर एक वाक्य होतं. आता त्याच्या मागची सगळीच येऊन उभी राहिली होती.

समिधाने काकांचा विचार केला, आणि तिच्या लक्षात आलं की तो माणूस घरी जाऊन जेवेल. मन हलकं झाल्यावर भूक लागते.

शुक्रवारी सकाळी फैसल त्यांना शवागारात घेऊन गेला. पेटी एका उंच टेबलावर होती, झाकण बाजूला टेकवलेलं. बाबांना हरीशचा निळा शर्ट घातला होता. तो त्यांना खांद्यात मोठा होत होता. फैसलने हळूच सांगितलं की काही ठेवायचं असेल तर आत्ताच, मग सील होईल.

समिधाने पिशवीतून नळी काढली.

आईने तिचं मनगट धरलं. "ती नको," ती म्हणाली. "हेच्यात खोटां असा."

"मग राहू दे?"

आईने पुस्तक तिच्या हातातून घेतलं, पुठ्ठ्याच्या आवरणात दोन बोटं घातली आणि दवाखान्याचं कार्ड ओढून काढलं. पिवळं पडलेलं, कोपरे मऊ झालेले. तिला इंग्रजी वाचता येत नसे, पण ती सही तिला कुठेही ओळखता आली असती. तिने चार सह्यांवरून एकेक करून अंगठा फिरवला. मग पुढे वाकून कार्ड बाबांच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि खिसा वरून दाबून सारखा केला.

"आता तरी दाखलो जोडा," ती त्यांना म्हणाली.

आवाज तोच होता, भाजी निवडतानाचा. फैसलने समिधाकडे पाहिलं. तिने मान हलवली, आणि त्याने झाकण उचलायला माणसाला खूण केली.